प्रीमियर पद्मिनी, दिवाळी ते आषाढ: वापरानंतरचा अनुभव

गाडी 1984 ची प्रीमियर पद्मिनी. पेट्रोल, हँडगिअर (गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी), पुढे सलग सीट. गेल्या दिवाळीच्या तोंडावर घेतली आणि तेव्हापासून कराडात आणि आसपास नियमित चालवते आहे. सौदा दोन लाखांच्या आत झाला. निर्धास्तपणे बाहेर काढता येईल अशी होईपर्यंत जवळजवळ तेवढेच पुन्हा गेले. जुन्या गाड्यांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुधा रॅलीत उतरवायच्या, क्रोम चमकवलेल्या गाड्यांचं असतं. माझी तशी नाही. मी ती वडिलांसाठी घेतली. अण्णा सत्त्याऐंशीचे, आई ब्याऐंशीची. ते दोघं आणि त्यांच्या वयाची नात्यातली, शेजारपाजारची माणसं, हीच या गाडीची नेहमीची मंडळी. त्यामुळे मायलेज आणि पिकअपपेक्षा त्यांच्याबद्दलच जास्त लिहिणार आहे. पहिली गाडी म्हटलं की या पिढीचा चेहरा खुलतो असं आपण धरून चालतो. या काही महिन्यांत मी जे ऐकलं त्यावरून सांगते, ते अर्धंच खरं आहे.

अण्णांची पहिली गाडी पद्मिनी नव्हती. तिच्या आधीची, जिला लोक डुक्कर फियाट म्हणायचे, ती होती. नवा दवाखाना टाकलेला, खेड्यापाड्यांतून रात्री-अपरात्री व्हिजिटला बोलावणं यायचं, म्हणून 1965 मध्ये त्यांनी ती एका वकिलांकडून सेकंडहँड घेतली. तशी गाडी आज मिळवणं अवघड, आणि मिळाली तरी तिच्या काचा, रबरं कुठून आणायची? पद्मिनी मात्र तिच्याच घराण्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1950 च्या दशकापासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनवत होती. 1964 मध्ये तिचं डिलाइट हे नवं रूप आलं, आणि 1974 पासून तीच गाडी पद्मिनी नावाने विकली जाऊ लागली. इंजिन तेच, 1089 सीसीचं. म्हणून आवाजही ओळखीचा. अण्णांना कमी ऐकू येतं, कानाला यंत्र आहे. गाडी पहिल्यांदा फाटकातून आत घेतली तेव्हा ते पायरीवर उभे होते. म्हणाले, "टॅपेट ढिले आहेत गं." टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारे भाग, ढिले झाले की टकटक वाजतात. मिस्त्रीने उघडून पाहिलं, खरंच ढिले होते.

आधी बसण्या-उतरण्याबद्दल, कारण वयस्कर माणसांसाठी गाडी बघणाऱ्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. हल्लीच्या उंच गाड्यांत आईला चढवावं लागतं आणि लहान गाड्यांत ती खाली रुतते. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. पद्मिनीची सीट खुर्चीसारख्या उंचीवर आहे, छत उंच आहे, त्यामुळे मान न वाकवता आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे, हे तिला एकटीला जमतं. काचा मोठ्या, दाराची कड खाली, त्यामुळे मागे बसलेल्यालाही रस्त्याकडेचं शेत, माणसं, दुकानांच्या पाट्या सगळं दिसतं. पुढच्या दाराला ती छोटी तिकोनी काच आहे ना, ती उलटी फिरवली की वारा थेट अंगावर येतो. एसी नसल्याची तक्रार या मंडळींपैकी एकानेही केलेली नाही.

उणं म्हणजे डोकं टेकायला मागे काही नाही, आणि सीटबेल्टही नव्हते. 1994 च्या आधीच्या गाड्यांना बेल्टची सक्ती नाही, तरी मी ते बसवून घेतले. मजबूत पत्र्यात पक्के बोल्ट मारणारा माणूस शोधला. तुम्हीही हे आधी करा, रंगकाम मागाहून होईल.

चालवायला सोपी आहे का? नाही. थंडीच्या दिवसांत चोक ओढून दोन-तीन मिनिटं इंजिन गरम होऊ द्यावं लागतं. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे मंडईच्या गल्लीत गाडी लावताना खांदे भरून येतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आजच्या गाडीच्या सवयीने पाय टेकवाल तर गाडी थांबणार नाही, दाबावं लागतं आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं लागतं. महामार्गावर मी साठच्या पुढे जात नाही आणि डावी लेन सोडत नाही. गावात दहा-अकराचं ॲव्हरेज पडतं, बाहेर तेरापर्यंत जातं. रात्री दिव्यांचा उजेड पिवळा आणि कमी पडतो, म्हणून अंधार पडायच्या आत घरी यायचं हा नियमच केला आहे.

हँडगिअरची मात्र मी चाहती झाले. दांडा स्टिअरिंगच्या डावीकडे, म्हणजे शेजारी बसलेल्याच्याही हाताशी. संध्याकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर मी क्लच दाबते आणि गिअर अण्णा टाकतात. चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरतो. तोच हात दांडा वर-खाली करताना अडखळत नाही, दातावर दात घासल्याचा आवाज एकदाही येत नाही. मी टाकते तेव्हा अजून कधीकधी येतो. ते मला म्हणतात, "मधे थांब, क्षणभर. तो आपणहून जातो, ढकलायचा नाही."

या गाडीत बसल्यावर माणसं काय सांगू लागतात, त्यातलं काही इथे लिहिते.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. अण्णा आपली फियाट घेऊन पाटणमार्गे कोयनानगरला गेले होते हे मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या घरातली ती अभिमानाची गोष्ट, लग्नकार्यात सांगितली जाणारी. जानेवारीत त्याच रस्त्याने आम्ही चाललो होतो. पाटणच्या पुढे एका वळणावर ते म्हणाले, "जरा बाजूला घे." मला वाटलं लघवीला जायचं असेल. ते उतरले नाहीत. बसल्या जागी सांगू लागले.

त्या गाडीची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. त्यामुळे जखमी माणसाला पुढच्या सीटवर सरळ आडवं सरकवता यायचं. मांडीचं हाड मोडलेली एक बाई त्यांनी तशीच आणली, मागे तिची दोन मुलं. ती खेप कराडला नीट पोहोचली. दुसऱ्या खेपेला या वळणावर वरून आलेले दगड रस्त्यात पडले होते. त्यातला एक खालून लागला आणि रेडिएटर फुटला. मागच्या सीटवर सात-आठ वर्षांचा मुलगा होता, पोटाला मार लागलेला. एक ट्रक थांबेपर्यंत बराच वेळ गेला, आणि ट्रकमध्ये चढवताना मुलगा गेला. अण्णा म्हणाले, "गाडीचा काही दोष नव्हता. पण ती विकेपर्यंत मी आत बसण्याआधी वाकून रेडिएटर बघायचो. लोकांना वाटायचं डॉक्टरांना गाडीची फार हौस."

आईने हे ऐकलं तेव्हा ती मागे बसली होती. तिलाही हे माहीत नव्हतं. तिने तिच्या बाजूचं सांगितलं. कोयनेहून गाडी परत आली तेव्हा सीटचं कापड तिने रिठ्याने आणि सोड्याने धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं, डाग हटले नाहीत. मग शिंप्याकडून रेक्झिनची कव्हरं शिवून आणली. ते रेक्झिन उन्हात तापलं की जो वास यायचा, त्याने तिला मळमळायचं, म्हणून ती त्या गाडीत बसायचं टाळायची. आम्ही मुलं समजत होतो की आईला गाडी लागते. आणखी एक गोष्ट तिने सांगितली, तीही इतक्या वर्षांनी: गाडीसाठी कमी पडलेले पैसे तिच्या पाटल्या मोडून उभे केले होते. "विचारलं होतं मला," ती म्हणाली, "पण तेव्हा नाही कोण म्हणतं?"

कर्जाची तेव्हा माणसाला धास्ती असे आणि ते सहज मिळतही नसे. खुद्द लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना फियाट घेतली ती पंजाब नॅशनल बँकेतून 5,000 रुपये कर्ज काढून. गाडीची किंमत होती 12,000. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते कर्ज फेडलं. गाडी घेणं म्हणजे अख्ख्या घराने कंबर कसणं होतं, आणि घरातल्या बायकांनी त्यासाठी काय दिलं हे सहसा सांगितलं जात नाही. आईची पाटल्यांची गोष्ट म्हणून मला महत्त्वाची वाटते.

आमच्या आळीतल्या निवृत्त बँक अधिकारी काकांची पहिली गाडी कधी घरी आलीच नाही. गाडी नोंदवून नंबर लावला होता, कित्येक वर्षांनी तो लागला, तोवर धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची वेळ आली. नंबर ऑनने, म्हणजे वरचे पैसे घेऊन, दुसऱ्याला देऊन टाकला. त्यांनी नंतर मारुती 800 घेतली, तीवर जीवही लावला, पण पहिली गाडी कुठली असं विचारलं की ते फियाटच सांगतात. पद्मिनीत बसले तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "रंग निळा सांगितला होता मी."

पाटण तालुक्यातले एक आजोबा कुर्ल्याच्या कारखान्यात होते. दारं बसवण्याच्या लाइनवर उमेदीची सगळी वर्षं गेली. पेट्रोल पंपावर त्यांनी स्वतःहून येऊन माझं दार उघडलं, बंद केलं, कान देऊन आवाज ऐकला आणि सांगितलं की बिजागरीखाली एक पातळ पत्री असते, ती कोणीतरी काढली आहे. मग हळूच म्हणाले की अशा गाडीत ते कारखान्याच्या फाटकापर्यंत बसलेत, बाहेर कधी नाही. त्यांना मी बसस्टँडपर्यंत सोडलं. मागे नाही, पुढे बसवलं.

निखळ आनंदाची आठवण मला मिळाली ती आईच्या मावसबहिणीकडून, आमच्या मावशीकडून. शाळेत मास्तरीण होती. कोल्हापुरात 1981 च्या सुमाराला ती साडी नेसून पद्मिनी चालवत रंकाळ्यावरून शाळेत जायची. तिच्या मिस्टरांना गाडी शिकायचा कंटाळा, म्हणून लायसन तिचं. बायका दारात येऊन बघायच्या, पोरं मागे पळायची. ती म्हणते, "मला गाडी कशी चालवतेस असं कुणी विचारलं नाही. मिस्टर सोबत नाहीत का, हे मात्र सगळ्यांनी विचारलं." तिने आमच्या मैदानावर गाडी एक फेरी फिरवली. ब्लाऊजच्या बाहीला घाम, आणि चेहरा असा की मी फोटो काढायचं विसरून बघतच राहिले.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण घेणाऱ्याला हे कळलंच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये दुपारी ही गाडी काढू नका. पेट्रोलचा पंप इंजिनाला लागूनच असतो, तो तापला की आत वाफ धरते आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. उपाय जुनाच: बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. कुंभार्ली घाट मी पहाटे चढले, अर्ध्यावर थांबून इंजिनाला दम खाऊ दिला, पाण्याचे दोन कॅन बरोबर ठेवले. तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. रेडिएटर मात्र गाडी घेतल्या घेतल्या उघडून साफ करून घेतला होता. अण्णांची ती एकच अट होती.

आणखी एक खर्च आधीच धरा. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि चाळीस वर्षांपूर्वीची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरं सगळी नव्या जातीची घातली. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, अधूनमधून फिरवून आणा.

कागदपत्रांत नोंदणीचं नूतनीकरण कधी संपतंय ते बघा. पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं, फिटनेस तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तशी नोंदणी केली की गाडी रोज वापरता येत नाही. माझ्या कामाला ती चालली नसती.

सुटे भाग मिळतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमच्या बंद झाल्या, त्यांचा बराच माल भंगार बाजारात फिरतो आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात मला काचेचा हात आणि दाराचं कुलूप मिळालं. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, पॉइंट, प्लग यांची कधी अडचण आली नाही. पत्रा हीच खरी दुखरी जागा आहे. घ्यायला जाल तेव्हा पायाखालचं मॅट उचला, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं जिथे बॉडीला बसतात तिथे टोकदार वस्तूने टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर रंग कितीही चकचकीत असो, ती गाडी सोडून द्या.

माझी ठेवायची आहे. पावसात डाव्या दारातून पाणी येतंय, ती रबरं गणपतीआधी बदलायची आहेत. त्या आजोबांनी सांगितलेली बिजागरीची पत्रीही मिस्त्रीने करून ठेवली आहे. एवढं झालं की मावशीला घेऊन कोल्हापूरला जायचं, पहाटे निघून.