१०-१८ मिमीची रुंद कोनाची लेन्स घ्यायची, की १८-५५ मिमीच्या लेन्सवरच शेजारशेजारचे फोटो काढून ते जोडायचे?

चामोर्शीकडचा भाचा अडलाय. मार्कंडाची वैनगंगेकाठची देवळंही टिपायची आहेत आणि मांडवातली लग्नंही. कॅमेरा कॅननचा, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा.

आधी हे पक्कं समजून घे बापू, पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-लांबच्या वस्तू एकमेकींच्या मानानं किती लहानमोठ्या दिसतात ते, लेन्सवर नाही, तू किती लांब उभा आहेस त्यावर ठरतं. १०-१८ घेतली की फोटो काढणारा जवळ सरकतो, आणि बिघडतं ते तिथंच. १० मिमीला आडवा कोन सुमारे ९६ अंश. त्यामुळे कडेचा चेहरा बाहेरच्या दिशेनं जवळजवळ दीडपट ताणला जातो. १८ मिमीला हाच ताण पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर. वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या आत्याबाई फुगलेल्या दिसल्या, तर त्या आयुष्यभर विसरणार नाहीत.

जोडकामाला खर्च शून्य, हगिन सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वेळ मात्र खातं, आणि हलती माणसं दुभंगतात. शिवाय सपाट प्रोजेक्शन (जोडलेलं दृश्य सपाट चित्रावर उतरवायची पद्धत) निवडलं तर कडा तशाच ताणतात. सिलिंड्रिकल, म्हणजे नळकांड्यावर उतरवून उलगडल्यासारखं, निवडलं तर ताण जातो, पण देवळाच्या आडव्या रेषा वाकतात. दगडी थरांवर ते लगेच डोळ्यात भरतं.

कोणतीही वाट धर, कॅमेरा वर झुकवू नको, नाहीतर शिखर मागं कललेलं दिसेल.

गाभारा, अरुंद सभामंडप, मागं सरकायला जागाच नाही अशी कामं जास्त असतील तर १०-१८ घे. वैनगंगेचं पात्र, शिवार यांना जोडलेले फोटो पुरतात. लग्नाच्या ग्रुपला १८-५५ च वापर, चार पावलं मागं जाऊन.