सिनेमा बघायचा की सामना? तीन प्रोजेक्टरांची पारख

बहुतेक जण खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा बघून प्रोजेक्टर ठरवतात. तो आकडा फसवा आहे. सिनेमाला अंधार आणि गडद काळा रंग लागतो, सामन्याला उजेड आणि स्वच्छ हालचाल. बेनक्यू एचटी३५५०, बेनक्यू टीके८५० आणि एप्सन ५०५०यूबी ही तीन यंत्रं शेजारी ठेवली की ही ओढाताण नेमकी कळते.

आधी गणित. १६:९ प्रमाणाचा १०० इंची पडदा २२१ सेंमी रुंद आणि सुमारे १२४.५ सेंमी उंच असतो. सिनेमागृहातल्या पडद्यासाठी १६ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरून परतणाऱ्या उजेडाचं माप) हे प्रमाण धरतात. गेन १ असलेल्या, म्हणजे उजेड ना वाढवणाऱ्या ना घटवणाऱ्या, १०० इंची पडद्यावर त्यासाठी साधारण ४७५ ल्युमेन पुरतात. लॅम्प जुना होत होत अर्ध्या उजेडावर येतो, म्हणून नव्या यंत्रात ९५० तरी हवेत, आणि तेही रंग बरोबर दिसणाऱ्या मोडमध्ये. जाहिरातीतला आकडा सगळ्यात भडक मोडचा असतो. त्या मोडमध्ये बहुधा चेहऱ्यांवर हिरवट झाक येते, त्यामुळे तो कोणी रोज वापरत नाही.

दोन्ही बेनक्यू एकाच घडणीचे आहेत. डीएलपी चिप (बारीक आरशांनी चित्र घडवणारी), पिक्सेल सरकवून मिळणारा फोरके आणि १.१३ ते १.४७ थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) हे दोघांत सारखंच. म्हणजे १०० इंचांसाठी लेन्सपासून पडदा अडीच ते सव्वातीन मीटरवर हवा. खरा फरक आतल्या रंगचक्रात, म्हणजे एकेक रंग पाळीपाळीने पाडणाऱ्या फिरत्या चकतीत, आहे. एचटी३५५० मध्ये लाल-हिरवा-निळा हेच भाग दोनदा येतात, उजेड २००० ल्युमेन. टीके८५० मध्ये त्यांच्या जोडीला पांढरा भाग आहे, म्हणून आकडा ३००० वर जातो. पण हा वाढीव उजेड पांढऱ्याला मिळतो, रंगांना नाही. हिरवळीवरच्या पांढऱ्या रेषा लखलखतात आणि त्यांच्याशेजारी लाल जर्सी विटकरी, पिवळी मोहरीसारखी वाटू लागते. ब्रिलियंट कलर हे उजेड वाढवणारं सेटिंग खाली आणलं की रंग सावरतात, उजेड मात्र कमी होतो. दिवे लावून चार जण गप्पा मारत सामना बघत असतील तर टीके८५० घ्यावा. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याने तो घेऊ नये, एचटी३५५० चे रंग त्याच्यापेक्षा कितीतरी सरस आहेत.

एप्सनमध्ये तीन रंगांसाठी तीन वेगळी एलसीडी पॅनेल आहेत, त्यामुळे २६०० ल्युमेन पांढऱ्यालाही आणि रंगांनाही सारखेच. चक्र नसल्याने नजर हलताना दिसणाऱ्या इंद्रधनुषी पट्ट्यांचा त्रासही नाही. डीएलपी घेण्याआधी या पट्ट्यांची परीक्षा जरूर करा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी सबटायटल्स लावा आणि नजर झटकन डावी-उजवीकडे फिरवा. लाल-निळ्या चमका दिसल्या तर डीएलपी आपल्यासाठी नाही, कारण सवयीने त्या सहसा जात नाहीत. काळा रंगही तिघांत एप्सनचाच खोल. त्याच्या डिजिटल सिनेमा मोडमध्ये आत एक फिल्टर सरकतो आणि उजेड बराच घटतो. सामन्याच्या वेळी नॅचरल किंवा ब्राइट सिनेमा ठेवा.

माझ्या मते एप्सनची खरी कमाई लेन्स शिफ्ट आहे, म्हणजे यंत्र न हलवता चित्र सरकवण्याची सोय. चित्र उंचीच्या ९६ टक्क्यांपर्यंत वर-खाली आणि रुंदीच्या ४७ टक्क्यांपर्यंत आडवं सरकतं, थ्रोही १.३५ ते २.८४ इतका ऐसपैस. बेनक्यूमध्ये उभी शिफ्ट १० टक्के, म्हणजे १०० इंची चित्रावर जेमतेम १२ सेंमी. छतात भोक पाडण्याआधी टेप घेऊन मापं काढा. जागा चुकली की कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र चौकोनी करणारी डिजिटल दुरुस्ती, वापरावी लागते. त्यात चिपचा काही भाग वाया जातो, चित्र किंचित धूसर होतं, मैदानाच्या बारीक रेषा दातेरी दिसतात.

हालचालीचं सेटिंग सिनेमाला आणि सामन्याला वेगळं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, त्यात मोशन एन्हान्सर (मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालणारी सोय) लावला की तो मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. तो बंदच ठेवा आणि प्लेअरमधून २४ हर्ट्झ सोडा. सामना ५० किंवा ६० फ्रेमचा येतो. तिथे एन्हान्सर लो वर चालेल. हायवर चेंडूभोवती कडी उमटते आणि वेगवान चेंडू मध्येच फुटतो. शिवाय या प्रक्रियेने चित्र मागे पडतं आणि आवाज पुढे धावतो, म्हणून अॅम्प्लिफायरमध्ये ऑडिओ डिले वाढवावा.

फोरके ६० हर्ट्झ एचडीआरसाठी (उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणाऱ्या चित्रासाठी) १८ जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी, एचडीएमआय केबल लागते. सात-आठ मीटरच्या पुढे साधी तांब्याची केबल घेतली की चित्र लुकलुकतं किंवा गायब होतं. प्रकाशाने सिग्नल नेणारी ऑप्टिकल केबल घ्या, पण तिला दिशा असते. सोर्सचं टोक प्लेअरकडे आणि डिस्प्लेचं प्रोजेक्टरकडे. पाइपातून ओवण्याआधी दोन्ही टोकं जोडून चालवून बघा.

तिन्ही यंत्रं लॅम्पवर चालतात. रोज चार-पाच तास सामने चालत असतील तर लेझरचा विचार करा, त्याचं आयुष्य साधारण २०,००० तास सांगतात. एप्सनची हवेची जाळी वेळोवेळी साफ करावी लागते. ती तुंबली की पंखा ओरडतो आणि यंत्र तापून बंद पडतं.

दोन्ही बघायचं असेल आणि खोली पूर्ण अंधारी करता येत असेल, तर माझी पसंती एप्सनला. खिडक्या झाकता येत नसतील तर टीके८५० सोबत करड्या रंगाचा, बाहेरचा उजेड झिडकारणारा पडदा घ्या. उजेडी खोलीत पडद्याचा स्वतःचा रंगच तुमचा काळा ठरतो, कितीही ल्युमेन आणले तरी.