केबल, अडॅप्टर, रिपीटर की मेश? घरच्या कॉम्प्युटरसाठी काय घ्यावं

घरच्या कॉम्प्युटरवर वायफाय अडखळत असेल, तर काहीही विकत घ्यायच्या आधी कॉम्प्युटरवरून राउटरलाच पिंग करून बघा, म्हणजे कमांड विंडोत ping आणि राउटरचा पत्ता टाइप करून उत्तर किती वेळात येतं ते पाहा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तरं न चुकता दोन-चार मिलिसेकंदांत येत असतील, तर वायफाय ठणठणीत आहे. दोष बाहेरच्या लाइनीत शोधा, खालचं काहीही आणून फरक पडणार नाही. आकडा शे-दोनशेपर्यंत उड्या मारत असेल किंवा मध्येच उत्तर येतच नसेल, तर मात्र निवड करायची वेळ आली.

डेस्कटॉप एका जागी बसलेला असतो, म्हणून माझं पहिलं मत केबललाच. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देते आणि शेजाऱ्यांच्या राउटरशी तिला काही देणंघेणं नसतं. भिंतीला भोक पाडायची तयारी हवी, एवढंच.

ते जमत नसेल तर लोक थेट रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, आणतात. थांबा. कॉम्प्युटरच्या टेबलावर मोबाइल ठेवून बघा. मोबाइलवर वायफायने नेट नीट चालत असेल तर सिग्नल तिथवर पोचतोय, कमी पडतोय तो कॉम्प्युटरचा अडॅप्टर, म्हणजे वायफाय पकडणारा यूएसबीचा तुकडा. नखाएवढा अडॅप्टर पत्र्याच्या कॅबिनेटमागे, टेबलाखाली खोचलेला असला की त्याला ऐकू तरी काय येणार? माझ्याकडे त्याच्या शेजारच्याच पोर्टात यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क होती. फाइल कॉपी करायला लावली की नेट गेलंच. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून अडॅप्टर टेबलावर आणला आणि तो त्रास संपला. नवीन घेणार असाल तर अँटेना बाहेर असलेला, दोन्ही बँडवर (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) चालणारा घ्या.

मोबाइललाही तिथे वायफायची रेंज नसेल, तरच रिपीटर. एकच रेडिओ असलेला रिपीटर त्याच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तो कॉम्प्युटरजवळ नाही, राउटर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये लावायचा. मेश, म्हणजे ठिकठिकाणी ठेवलेले, मिळून एकच नेटवर्क चालवणारे डबे, घरभर रेंज हवी असेल तर उत्तम. एका कॉम्प्युटरसाठी एवढा खर्च मला पटत नाही. घेतलीच, तर खोलीतल्या मेशच्या डब्यातून कॉम्प्युटरला केबल जोडा.

बँडचं म्हणाल तर राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ, मध्ये दोन-तीन भिंती असतील तर २.४, आणि त्यात १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा चॅनल.