चाळीची खोली, मंडळाची रोषणाई, कोकम सरबताचा ग्लास: सायकल्स रेंडररची पारख

ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स रेंडररबद्दल, म्हणजे दृश्यातल्या उजेडाचा हिशेब करून चित्र काढणाऱ्या भागाबद्दल, दोन मतं नेहमी कानावर येतात. एक, "फुकटात मिळतंय, मग थोडे दाणे दिसणारच." दुसरं, "सॅम्पल वाढवा, सगळं साफ होतं." पहिलं मत सायकल्सवर अन्याय करतं, दुसरं तुमच्या वीजबिलावर. पाथ ट्रेसिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यापासून किरण सोडून उजेड शोधण्याच्या सायकल्सच्या पद्धतीत, नॉइज (चित्रातले दाणे) सॅम्पलच्या (दर पिक्सेलमागे टाकलेल्या किरणांच्या) वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो, म्हणजे तो निम्मा करायला सॅम्पल चौपट लागतात. ४०९६ वर भिंत दाणेदार दिसत असेल तर पुढची खरी पायरी १६३८४ ची, आणि तिथेही दाणे जात नाहीत, निम्मे होतात. त्यामुळे सायकल्सची पारख किती किरण टाकतो यावर करण्यात अर्थ नाही. किरणांचा नेम कुठे धरतो, ते बघायला हवं. पुढची सगळी मतं ब्लेंडरच्या ४.५ एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्तीबद्दल आहेत.

सुरुवात दहा बाय बाराच्या खोलीपासून. गिरगावातली नेहमीची चाळ: गॅलरीच्या बाजूला तीन बाय चार फुटांची एकच खिडकी, तिला लोखंडी गज, बाहेर जुलैचं ढगाळ आभाळ. समोरच्या भिंतीवरचा, खिडकीपासून दहा फुटांवरचा एक बिंदू घ्या. त्याला खिडकी दिसते ती साधारण १२ भागिले १००, म्हणजे ०.१२ स्टेरेडियन (दिशांचा विस्तार मोजायचं एकक) एवढी, आणि पुढचा अर्धगोल आहे ६.२८ चा. सगळ्या दिशांना सारखेच किरण सोडले तर शंभरातले दोन बाहेर पडतात. सायकल्स मॅट पृष्ठभागावर कोसाइनच्या वजनाने किरण सोडतो, त्यामुळे नाकासमोरच्या दिशांना झुकतं माप मिळतं आणि आकडा चारावर जातो. उरलेले ९६ आधी भिंतीवर आपटतात. थेट आकाशाकडे नेम धरला तरी फारसं बिघडत नाही की सुधारत नाही, कारण ढगाळ आभाळ सगळीकडे साधारण सारखंच उजळ असतं आणि बहुतेक नेम छपरावर नाहीतर भिंतीवर बसतात.

यावर सायकल्सकडे जुना, साधा आणि उत्तम इलाज आहे: पोर्टल. खिडकीच्या मापाचा एरिया लाइट (सपाट पृष्ठाचा दिवा) चौकटीत बसवायचा, तोंड खोलीच्या आत करायचं आणि लाइटच्या सेटिंगमध्ये पोर्टलवर टिक करायची. पोर्टल स्वतः उजेड देत नाही. आकाशाचा उजेड शोधायचा तर इकडून बघ, एवढंच सांगतं. गजांच्या प्रत्येक फटीत वेगळं पोर्टल लावायचा उत्साह काहींना असतो, त्याची गरज नाही. बारा मिलिमीटरचे गज शंभर मिलिमीटरच्या अंतराने असतील तर शंभरातले बाराच नेम वाया जातात. संपूर्ण खिडकीला एक पोर्टल पुरतं.

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते खिडकीच्या काचेवर. चौकटीत ग्लास बीएसडीएफची (उजेड वळवणाऱ्या काचेच्या मटेरियलची) खरी काच बसवली की पोर्टल असून नसल्यासारखं. लाइटकडे सोडलेला सावलीचा किरण (वाटेत आडोसा आहे का ते बघणारा) सरळ जातो. काच त्याला वळवते, आणि वळलेला किरण या हिशेबात धरत नाहीत. म्हणून काच काढून टाका, किंवा मटेरियलमधल्या लाइट पाथ नोडचं 'इज शॅडो रे' हे टोक वापरून सावलीच्या किरणांसाठी ती ट्रान्सपरंट करा. ट्यूबच्या आणि बल्बच्या कव्हरलाही हेच लागू. चार फुटी ट्यूबला पंधराशे त्रिकोणांची चमकणारी नळी आणि त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर कशाला? १२०० बाय २६ मिलिमीटरचा एरिया लाइट लावा आणि कव्हरच्या रे व्हिजिबिलिटीतलं शॅडो बंद करा.

ऑक्टोबरचं ऊन हवं असेल तर सूर्य एचडीआरआयच्या (आभाळाच्या ३६० अंशी फोटोच्या) भरवशावर सोडू नका. वेगळा सन लाइट लावला की त्याच्याकडे थेट नेम धरला जातो आणि फरशीवर गजांच्या सावल्या कोरून काढल्यासारख्या येतात.

फळीवरच्या स्टीलच्या भांड्यांवर मात्र सायकल्स काही न करता पास होतो. चकचकीत पातेल्यात ट्यूबचं प्रतिबिंब पकडायला पृष्ठभागाच्या दिशेने किरण सोडणं बरं. चुन्याच्या भिंतीसाठी लाइटकडे नेम धरणं बरं. दोन्ही करून प्रत्येकाला त्याच्या संभाव्यतेप्रमाणे वजन द्यायची रीत एरिक वीच आणि लिओनिडास गिबास यांनी १९९५ मध्ये मांडली. मल्टिपल इम्पॉर्टन्स हे लाइटवरचं टिकमार्क म्हणजे तीच रीत. ते मुळातच चालू असतं. वेग वाढेल म्हणून बंद करू नका.

आता टॉवरमधला फ्लॅट. पीओपीचं फॉल्स सीलिंग, कडेच्या खाचेत लपवलेली एलईडी पट्टी. मुंबईतला क्लायंट हे मागतोच, आणि सायकल्सची कसोटी इथेच लागते. खोलीतल्या कुठल्याही बिंदूवरून पट्टीकडे सोडलेला किरण पीओपीच्या ओठावर आपटतो. उजेड आधी छताला लागतो, मग खाली येतो. म्हणजे थेट नेमाचा उपयोग शून्य. ३.४ आवृत्तीत आलेलं पाथ गायडिंग नेमकं याचसाठी आहे. ते इंटेलच्या ओपन पाथ गायडिंग लायब्ररीवर चालतं: सुरुवातीची सॅम्पल टाकत असताना उजेड कुठून येतो ते शिकतं आणि पुढचे किरण तिकडे वळवतं. सॅम्पलिंगच्या पॅनलमध्ये ते चालू करा, ट्रेनिंग सॅम्पल १२८ राहू द्या. अडचण एकच, पण मोठी: हे फक्त सीपीयूवर चालतं. लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेलं ग्राफिक्स कार्ड तेवढा वेळ हात बांधून बसतं. चांगलं कार्ड असेल तर गायडिंग सोडून जीपीयूवर जास्त सॅम्पल टाकणंच बऱ्याचदा परवडतं. तिसरा रस्ता लबाडीचा आहे आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात सर्रास चालतो: छताखाली, तोंड खाली केलेला मंद एरिया लाइट, कॅमेऱ्याला अदृश्य. पट्टी राहते ती खाचेतली चमक दाखवायला.

याच दृश्यात आणखी एक गोष्ट तपासा. डिफ्यूज उसळ्या (मॅट पृष्ठभागांवरून उजेड किती वेळा उसळू द्यायचा तो आकडा) मुळात ४ वर असतात. भिंतीचा पांढरा ०.८ धरला, म्हणजे पडलेल्या उजेडातला ८० टक्के परत जातो असं मानलं, तर बंद खोलीत चार उसळ्यांनंतरही ०.८ चा चौथा घात, म्हणजे ४१ टक्के ऊर्जा शिल्लक असते, आणि ती तुम्ही फेकून देताय. कोपरे मळकट दिसतात ते यामुळे. ८ केल्या की शिल्लक १७ टक्क्यांवर येते. आणि रंग १.० पांढरा कधीच ठेवू नका; तसा चुना कुठल्याच दुकानात मिळत नाही.

गणपतीच्या मंडपाची रोषणाई हा सायकल्सचा सगळ्यात सुधारलेला भाग. दोन हजार बल्बांच्या माळा, मधे चार हॅलोजन. ३.५ च्या आधी कुठल्या लाइटकडे बघायचं हे ठरवताना बिंदूपासूनचं अंतर विचारातच घेतलं जात नसे. मूर्तीच्या पायाशी उभ्या असलेल्या बिंदूने कमानीच्या टोकावरच्या बल्बावर किरण खर्च करायचा. लाइट ट्री आल्यापासून दिवे जागा, ताकद आणि दिशा यांप्रमाणे गटांत बांधले जातात आणि जवळच्या, जास्त उजेड देणाऱ्या गटाला जास्त संधी मिळते. नव्या फाइलीत तो आपोआप चालू असतो. ३.५ च्या आधीची जुनी फाइल उघडली असेल तर सॅम्पलिंगच्या लाइट्स भागात जाऊन स्वतः चालू करा. "नवीन ब्लेंडरमध्येही तेच दाणे" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

पण बल्ब कसे बनवलेत यावर बरंच काही आहे. प्रत्येक चमकणारा त्रिकोण हा सायकल्सच्या लेखी वेगळा दिवा. ब्लेंडरचा नेहमीचा यूव्ही स्फिअर (गोळा) त्रिकोणांत ९६० चा पडतो. दोन हजार बल्ब म्हणजे १९ लाख २० हजार दिवे. सगळ्यात साधा, वीस बाजूंचा आयकोस्फिअर घेतला तर ४० हजार. पॉइंट लाइट लावले तर दोन हजारच. लांबून दिसणाऱ्या माळेला पॉइंट लाइट, जवळच्या चार माळांना आयकोस्फिअर, असं मिसळून करा. एसीच्या किंवा स्विचबोर्डच्या बारीक लाल दिव्यांना मटेरियलमधलं एमिशन सॅम्पलिंग 'नन' करून टाका. ते दिसले पाहिजेत, त्यांनी खोली उजळायची गरज नाही.

लाइट ट्रीला एक गोष्ट कळत नाही: आडोसा. पडद्यामागचा हॅलोजन कितीही झाकलेला असला तरी ताकदवान म्हणून त्याच्या वाट्याला किरण जातच राहतात. स्टेजमागचे जे दिवे चित्रात कुठूनच काही उजळत नाहीत, ते सरळ बंद करा.

तिसरं दृश्य छोटं आणि त्रासदायक. टपरीवरचा कटिंग ग्लास आणि टेबलावर पडलेली त्याची उजळ नक्षी, म्हणजे कॉस्टिक्स. दुधाचा चहा भरलात तर प्रश्नच मिटला, तो अपारदर्शक आहे. नक्षी हवी तर ग्लासात कोकम सरबत ओता. साध्या पाथ ट्रेसिंगला ही वाट नशिबानेच सापडते, आणि सापडते तेव्हा टेबलावर फायरफ्लाय म्हणजे पांढरे ठिपके पेरते. ३.२ पासून शॅडो कॉस्टिक्स आहे. तीन जागी टिक करायची: लाइटवर शॅडो कॉस्टिक्स, ग्लासच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीत कास्ट, टेबलाच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीत रिसीव्ह. तिन्हीपैकी एक राहिलं की काहीच होत नाही, आणि कुठे चुकलं हे ब्लेंडर सांगतही नाही.

मर्यादा अशी की काचेतून वळणारे फार तर चार टप्पे मोजले जातात. रिकाम्या ग्लासाचे बरोबर चार: बाहेरून आत, आतून पोकळीत, पुन्हा काचेत, पुन्हा बाहेर. सरबताचा मेश (त्याचा थ्रीडी आकार) काचेपासून किंचित लांब ठेवला किंवा काचेत किंचित घुसवला तर टप्पे सहा होतात आणि नक्षी गायब. काच आणि सरबत यांच्यामध्ये एकच सामाइक पृष्ठभाग ठेवा, त्याचे नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे ते दाखवणाऱ्या दिशा) सरबताकडे करा आणि आयओआर (अपवर्तनांक) द्या १.५ भागिले १.३३, म्हणजे १.१२८. टप्पे पुन्हा चार. ग्लासाला शेड स्मूथ हवं. कंगोऱ्यांवर तीक्ष्ण कडा असतील तर नक्षी तुटते, तिथे बेव्हल (किंचित गोलाई) द्या. स्टीलच्या वाटीतली परावर्तित नक्षी या पद्धतीने येतच नाही. दागिने, काचसामान, पाण्याचे तलाव अशीच कामं जास्त असतील तर फोटॉन किंवा द्विदिश (दिव्याच्या बाजूनेही किरण सोडणाऱ्या) पद्धती असलेला रेंडरर, उदाहरणार्थ लक्सकोअर, वापरणं शहाणपणाचं.

ठिपके मारायला क्लॅम्प इनडिरेक्ट (उसळून आलेल्या उजेडावरची कमाल मर्यादा) १० वरून २ वर आणणारे बरेच आहेत. ठिपके जातात, पण त्याबरोबर फरशीवरून उसळलेल्या उन्हाची खरी ऊबही जाते आणि खोली थंड दिसते. आधी कारण शोधा, मग ३–४ पर्यंत उतरा. क्लॅम्प डायरेक्टला हात लावू नका.

नॉइज थ्रेशोल्ड (किती दाणे चालतील ती मर्यादा) ०.०१ आणि कमाल सॅम्पल ४०९६ ही मूळ जोडी समंजस आहे. जिथे चित्र लवकर स्थिरावतं तिथे सायकल्स स्वतः थांबतो. घोटाळा अंधाऱ्या कोपऱ्यात होतो. पोटमाळ्याखाली पहिल्या काही सॅम्पलना उजेड सापडलाच नाही तर "इथे नॉइज नाही" असं समजून तो हात झटकतो आणि मग डाग राहतात. किमान सॅम्पल १२८ किंवा २५६ ठेवा. ब्लू नॉइज या सॅम्पल वाटण्याच्या पद्धतीमुळे कमी सॅम्पलवरचे दाणे बारीक आणि सारखे विखुरलेले दिसतात; व्ह्यूपोर्टमध्ये (कामाच्या खिडकीतल्या झलकेत) क्लायंटला दाखवताना ते डोळ्याला बरं वाटतं.

डिनॉइझरसाठी, म्हणजे उरलेले दाणे पुसायला, ओपन इमेज डिनॉइझ, सोबत अल्बिडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) आणि नॉर्मल, प्रीफिल्टर 'अॅक्युरेट'. मोझॅक फरशीचे बारीक खडे याने टिकतात. अॅनिमेशनमध्ये सीडच्या (दाण्यांची मांडणी ठरवणाऱ्या आकड्याच्या) शेजारच्या घड्याळावर क्लिक करायला विसरू नका; नाहीतर प्रत्येक फ्रेममध्ये दाणे त्याच जागी राहतात आणि कॅमेरा फिरताना प्रेक्षकाला वाटतं, पडद्यावरच धूळ बसलीये.