धुराचा माग काढायला नासाचं वर्ल्डव्ह्यू, दोन सीझन वापरून लिहितेय

आईला दमा आहे, त्यामुळे शेतं पेटवायचा सीझन आला की आमच्याकडे खिडक्या बंद आणि तिची धाप सुरू. धूर नेमका येतोय कुठून हे मला बघायचंच होतं, तेव्हा वर्ल्डव्ह्यू सापडलं, उपग्रहांनी काढलेले रोजचे फोटो दाखवणारा नासाचा नकाशा. ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि खालच्या पट्टीवरून तारीख मागे नेली की वीसेक वर्षांपूर्वीचे फोटोसुद्धा दिसतात.

पहिल्यांदा उघडाल तेव्हा आगीचे लाल ठिपके लगेच लावू नका. आधी नुसता खऱ्या रंगातला फोटो बघा. ढग पांढरा असतो आणि त्याला कडा असते, धूर निळसर राखाडी, पातळ, एका टोकाला दाट आणि पुढे विरत गेलेला, खालची जमीन त्यातून पुसट दिसते. धूळ असेल तर पिवळट तपकिरी. डोळा बसायला मला आठवडाभर लागला. सरावासाठी जून २०२३ ची ६ आणि ७ तारीख काढा, कॅनडातल्या क्युबेकच्या जंगलांतल्या आगींचा धूर दक्षिणेला न्यूयॉर्कवर उतरलेला इतका स्पष्ट दिसतो की मी बराच वेळ नुसती ते दोन दिवस पुढेमागे करत बसले होते.

मग आगीच्या ठिपक्यांचा लेअर, म्हणजे फोटोवर चढवायचा थर. व्हिअर्स आणि मोडिस हे उपग्रहांवरचे दोन सेन्सर, व्हिअर्सचे ठिपके ३७५ मीटरचे, मोडिसचे १ किलोमीटरचे. म्हणजे ठिपका दिसला तर तेवढी सगळी जागा जळतेय असं नाही, त्या चौकोनात कुठेतरी चांगलीच गरम जागा आहे एवढंच. आणि ती आग असेलच असंही नाही! मी एका ठिपक्याला बरेच दिवस आग समजत होते, मागच्या तारखा बघितल्या तर तो बाराही महिने तिथेच, सीझन असो नसो. तेल विहिरींवरचा जळता गॅस, भट्ट्या, ज्वालामुखी हे सगळं तसंच दिसतं. त्यामुळे आता कुठलाही ठिपका दिसला की आधी सहा महिने मागे जाऊन बघते.

उलटही होतं. व्हिअर्सवाले उपग्रह एखाद्या जागेवरून दुपारी साधारण दीडला आणि रात्री दीडला जातात. संध्याकाळी पाचला पेटवलेलं शेत आठपर्यंत विझलं तर त्याचा ठिपका कुठेच येत नाही, आणि वर दाट ढग असतील तर दुपारचीही सुटते. ठिपके कमी म्हणजे आगी कमी असं धरून चालू नका, प्लीज. तुमचा भाग ज्यांच्या टप्प्यात येतो असा गोज किंवा हिमावारी उपग्रह असेल तर त्यांचे दर दहा मिनिटांचे फोटो याच नकाशावर लावता येतात, बारकावा कमी पण संध्याकाळचं कळतं.

ढगांच्या दिवशी एरोसोल इंडेक्सचा (हवेतले धूर-धुळीचे कण दाखवणारा) लेअर लावा, तो अल्ट्राव्हायोलेट किरणांवरून काढतात म्हणून ढगांच्या वरचा धूरही पकडतो. पण जमिनीलगतचा धूर त्याला नीट दिसत नाही, आणि नेमका तोच आपल्या नाकात जातो. फोटोतला धूरही किती उंचीवर आहे ते वरून बघून सांगता येत नाही, डोक्यावर दाट पट्टा आणि खाली हवा ठीक असे दिवस मी पाहिलेत. म्हणून आईला बाहेर सोडायचं की नाही हे मी जवळच्या केंद्रावरच्या पीएम २.५ च्या, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांच्या आकड्यावरच ठरवते, वर्ल्डव्ह्यूवर फक्त एवढं बघते की वाऱ्याच्या दिशेला मागे अजून किती धूर उभा आहे. परवा दोन दिवसांचा पट्टा सरकताना दिसला म्हणून तिचा फिरायला जायचा बेत आधीच पुढे ढकलला, तिसऱ्या दिवशी आकडा खाली आल्यावर तिला घेऊन गेले.

पाचपैकी पाच. लॅपटॉपवर मोठ्या स्क्रीनवर बघा, पातळ धूर छोट्या स्क्रीनवर सुटतो.