चोर्ला घाटाचा पाऊस आणि खिशातला मोबाईल: एका मोसमाचा अनुभव

साखळीहून पणजीला रोज आणि महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने बेळगावला, असा माझा मोटारसायकलवरचा प्रवास बाराही महिने चालतो. पणजीत नोकरी आहे आणि बेळगावला थोरली बहीण एकटी राहते, त्यामुळे पावसाचे चार महिने गाडी झाकून ठेवणे मला शक्य नसते. गेल्या मोसमात मात्र मी ठरवून एक गोष्ट केली. हवामान आणि रस्ता यांची माहिती देणारी जी साधने मोबाईलवर फुकट मिळतात आणि जी थोड्या पैशांत विकत मिळतात, ती सारी जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत रोज वापरून पाहिली आणि कोणती ठेवावी, कोणती काढावी हे वहीत लिहीत गेलो. पावसात गाडी चालवणाऱ्या गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील माझ्यासारख्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव येथे मांडत आहे. माझे मत आधीच सांगतो: या साधनांचे खरे मोल गाडीला किल्ली लावण्यापूर्वीच्या एका तासात आहे. गाडी सुरू झाल्यावर त्यांतील बहुतेक साधने खिशात किंवा डिकीतच बरी.

सुरुवात भारतीय हवामान विभागाच्या ‘मौसम’ या अ‍ॅपपासून केली पाहिजे. २०२० साली आलेले हे अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात जिल्ह्याचा इशारा, पुढील काही तासांचा तात्कालिक अंदाज आणि रडारचे चित्र एकाच ठिकाणी मिळते. हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल हे रंग आता सर्वांना पाठ झाले आहेत, पण त्यांमागचे आकडे फार थोड्या जणांना ठाऊक असतात. विभागाच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढचा तो अत्यंत मुसळधार. दुचाकीस्वाराने यातील ‘२४ तास’ हे शब्द नीट वाचावेत. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर संथपणे पडत राहिला तर आमोणे, खांडोळा, माशेल, बाणस्तारी या वाटेने पणजी गाठता येते; तेवढाच पाऊस दोन तासांत कोसळला तर साखळीत वाळवंटी नदीची पातळी वाढते, सखल रस्त्यांवर पाणी चढते आणि भरतीची वेळ असल्यास पणजीत साचलेले पाणी मांडवीत उतरतच नाही. शिवाय हा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. कळंगुटचा किनारा आणि घाटमाथ्यावरचे सुर्लाचे पठार एकाच रंगाखाली येतात, आणि दोन्हीकडच्या पावसाची तुलनाच होऊ शकत नाही हे सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून रंगावरून मी फक्त आजचा दिवस कसा आहे एवढेच ठरवतो. लाल असेल तर घाट नाही, त्यावर घरात चर्चा नाही.

दिवस ठरला तरी वेळ ठरायची बाकी असते आणि ते काम रडार करते. पणजीला आल्तिनोवर हवामान विभागाचे डॉप्लर रडार आहे. त्याचे चित्र वाचायला शिकणे ही या मोसमातील माझी सर्वांत मोठी कमाई आहे असे मी मानतो. ‘मॅक्स झेड’ नावाच्या चित्रात मधल्या चौकोनात नकाशा आणि त्यावर पावसाचे रंगीत ठिपके दिसतात, तर वरच्या आणि उजव्या कडेच्या अरुंद पट्ट्यांत त्याच ढगांची उंची दिसते. एकच चित्र पाहून काही कळत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेली तीन-चार चित्रे पाहिली म्हणजे पट्टा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो ते ध्यानात येते. चित्रावरची वेळही तपासावी; ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवावे लागतात, नाहीतर शिळे चित्र ताजे समजून फसगत होते.

जुलैमधील एका शनिवारी पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात चहा उकळत असताना मी पहिले चित्र पाहिले, तेव्हा आग्वादच्या पश्चिमेला समुद्रावर उत्तर-दक्षिण पसरलेला पिवळा-तांबडा पट्टा होता आणि त्याच्यामागे बरीच मोकळी जागा होती. सहा वाजता तो पट्टा म्हापशावर आला. सव्वासहाला आमच्या कौलांवर सर सुरू झाली आणि पन्हळीचे पाणी अंगणातल्या घंगाळाबाहेर उडू लागले. एरवी मी पावसाला नावे ठेवत तसाच निघालो असतो आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या केरीच्या पुढच्या वळणांवर नेमका त्या पट्ट्याबरोबर घाट चढलो असतो. त्या दिवशी पावणेआठपर्यंत थांबलो आणि मागच्या मोकळ्या जागेतून गेलो. रस्ता ओला होता, पण अंजुणे धरणाचे पाणी वरून स्वच्छ दिसत होते. मान्सूनचे ढग आपल्याकडे बहुधा समुद्राकडून येतात, त्यामुळे सत्तरीत राहणाऱ्या माणसाला पश्चिमेकडे पाहण्यास पाऊण-एक तास मिळतो. हा तास किनाऱ्यावर राहणाऱ्याला मिळत नाही.

रडारची एक मर्यादा मात्र घाटातून जाणाऱ्याने विसरू नये. धुक्याचे थेंब इतके बारीक असतात की ते या चित्रात उमटत नाहीत, आणि डोंगराच्या आडोशाला रेंगाळणारा बारीक पाऊसही निसटू शकतो. चित्रात घाट स्वच्छ दिसला म्हणजे घाटात समोरचे दिसेल, असा अर्थ होत नाही.

‘विंडी’ या हवामानाच्या अ‍ॅपवरून मी फक्त दोन-तीन दिवस आधीचा विचार करतो. त्यातील अंदाज वर्तवणारे युरोपीय मॉडेल आणि अमेरिकी मॉडेल एकच गोष्ट सांगत असतील तर त्यावर थोडा विश्वास ठेवतो. दोघांचे जमत नसेल तर बहिणीला ‘नक्की नाही’ असे कळवतो. युरोपीय मॉडेलच्या जाळीचे एक घर सुमारे ९ किलोमीटरचे असते आणि आपला घाट तेवढ्या अंतरात पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढून जातो, त्यामुळे घाटाच्या पावसाचा तासवार आकडा तेथे शोधू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप आपल्या आसपास वीज पडत असल्यास सावध करते. भर जुलैत त्याचे काम कमी पडते; मे महिन्यातील वळवाच्या दिवसांत आणि ऑक्टोबरमधील दुपारनंतरच्या गडगडाटात ते मोबाईलवर असलेच पाहिजे, कारण सुर्लाच्या उघड्या पठारावर दुचाकीस्वाराला आसरा नसतो.

रस्त्यासाठी ‘गूगल मॅप्स’मधील दुचाकीचा पर्याय निवडून ठेवावा. भारतात तो २०१७ पासून आहे, तरी आजही कित्येक जण मोटारीच्या चिन्हावरच रस्ता शोधतात. मी स्वतः ही चूक केली आणि भर पावसात पणजीत अटल सेतूच्या तोंडाशी जाऊन पोहोचलो, जेथे दुचाकींना प्रवेश नाही. मागून मोठ्या गाड्या येत असताना ओल्या रस्त्यावर कडेला थांबून वाट बदलावी लागणे किती धोक्याचे असते, ते त्या दोन मिनिटांत कळले. निघण्यापूर्वी गोवा आणि बेळगावपर्यंतचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा, कारण घाटातील काही पट्ट्यांत रेंज जाते. पावसाळ्यात नकाशाने सुचवलेली अनोळखी जवळची वाट घेऊ नये, असाही नियम मी केला आहे. त्या वाटेवर ओहोळाचे पाणी चढले आहे की नाही, हे नकाशात दिसत नाही.

आपण कुठे आहोत हे घरच्यांना दिसावे म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन मी आठ तासांसाठी सुरू करतो. पण रेंज गेली की नकाशावरचा ठिपका जेथे होता तेथेच थांबतो, आणि घरी बसलेल्या माणसाला तो थांबलेला ठिपका पाहून काय वाटते हे माझ्या पत्नीने मला एकदा स्पष्ट शब्दांत सांगितले. तेव्हापासून आमचे ठरलेले आहे. केरीला पोहोचलो की फोन, त्यानंतर दीड तासात जांबोटीहून फोन. दीड तास उलटून आणखी पाऊण तास गेला तर तिने वाट न पाहता ११२ वर कळवायचे आणि शेवटचा ठिपका कुठे होता ते सांगायचे.

आता विकत घेतलेल्या वस्तूंकडे वळतो. हॅन्डलवर मोबाईल बसवण्याचा झाकणवाला होल्डर मी जूनमध्ये मोठ्या हौसेने घेतला आणि जुलैच्या मध्यावर काढून टाकला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही. प्लॅस्टिकच्या झाकणाला आतून वाफ धरते. झाकण काढले तर पडद्यावर पडणारे थेंब बोटांसारखे काम करतात आणि नकाशा आपोआप सरकतो, कधी मध्येच कोणाला तरी फोन लागतो. चार्जिंगच्या तोंडाशी ओल गेली की फोन चार्ज व्हायला नकार देतो. मोटारसायकलच्या सततच्या कंपनाने फोनच्या कॅमेऱ्याला इजा होऊ शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्येच दिला होता. खोक्यावरच्या ‘आयपी ६७’ या खुणेवरही विसंबू नये. तिच्यातील ७ हा आकडा एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवण्याच्या चाचणीचा आहे. जोराच्या फवाऱ्याची चाचणी ५ आणि ६ या आकड्यांची असते, आणि ताशी पन्नासच्या वेगाने समोरून येणारा पाऊस डबक्यापेक्षा फवाऱ्याच्याच जवळचा. या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे नजर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले की तेहतीस मीटर रस्ता न पाहता कापला जातो, आणि पावसाळ्यातला आपला रस्ता तेवढ्या अंतरात दोन खड्डे सहज लपवतो.

म्हणून फोन पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवतो आणि वाट हेल्मेटमधील ब्लूटूथ यंत्रावर ऐकतो. ही खरेदी मला पटली. आवाज बेताचा ठेवतो, गाणी आणि फोन पूर्ण बंद, कारण मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न आणि स्वतःच्या गाडीचा आवाज ऐकू आलाच पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर वाहन नियमांतही चालकाला असे उपकरण फक्त वाट शोधण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा आहे. हेल्मेटला मात्र आयएसआयची खूण हवी आणि यंत्र बसवताना आतील थर्माकोल कापू नये.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरले ते टायरमधील हवा सांगणारे दोन सेन्सर. ते व्हॉल्व्हच्या टोपीऐवजी बसतात आणि दाब मोबाईलवर दाखवतात. ऑगस्टमध्ये एका सकाळी पुढच्या चाकाचा दाब २४ दिसला, आदल्या दिवशी तो २९ होता. चाक पाहून शंका आली नसती. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात फिरवला तेव्हा एका बारीक खिळ्याच्या जागी बुडबुडे आले. ओल्या घाटात, उतारावर, पुढच्या चाकात हवा कमी असणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे, पण टायरच रस्ता धरत नसेल तर एबीएसचाही इलाज चालत नाही. दाब नेहमी गाडी थंड असताना पाहावा. या सेन्सरचा एक तोटा असा की त्याचे वजन रबरी व्हॉल्व्हवर पडते आणि व्हॉल्व्हला बुडाशी चीर जाऊ शकते, म्हणून मी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घेतले. तो खर्च आधीच धरून चालावे.

या साऱ्यातून सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेली लाल माती, दरडीचा ताजा ढिगारा, रात्री आडवे झालेले झाड, यांची खबर कोणतेही अ‍ॅप वेळेवर देत नाही. ती केरीच्या नाक्यावर चहाचा गाडा चालवणाऱ्या गृहस्थांकडे असते, कारण बेळगावहून भाजी घेऊन उतरणारे टेम्पोवाले पहाटे त्यांच्याकडे थांबतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रडारवर घाटात एकही ठिपका नव्हता, इशारा पिवळा होता, टायर बरोबर होते. मी सात वाजता गाड्याजवळ पोहोचलो तेव्हा ते म्हणाले, “वयर धुकें दाट आसा आनी एक झाड पडलां. मातशें रावात.” मी चार तास थांबलो, बहिणीला फोन करून जेवणाला वाट पाहू नकोस म्हणून सांगितले आणि अकरानंतर सावकाश वर गेलो. तिसऱ्या वळणानंतर झाड कापून कडेला रचलेले दिसले. ओंडके ताजे होते, त्यांतून चीक गळत होता, आणि रस्त्यावर पसरलेल्या ओल्या भुशातून एकाच टायरची घसरलेली खूण कठड्यापर्यंत गेली होती.