टॅरो, लेनोरमाँ की घरातला कॅट: आपली वाचनपद्धत ठरवताना

भविष्य सांगणारे पत्ते हातात घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता कॅट विकत घ्यावा’ असा असतो, आणि तो प्रश्न एक पायरी चुकवून विचारलेला असतो. पानाचा अर्थ आपण पाठ करून सांगणार, अंक आणि रंग यांच्या हिशेबाने काढणार, की समोरचे चित्र पाहून बोलणार, हे आधी ठरले पाहिजे. कॅटची निवड त्यामागून आपोआप होते. या तिन्ही वाटांनी लातुरात राहून काही वर्षे चाललेल्या माणसाने केलेली ही तुलना आहे. पत्त्यांतून पुढचे घडणारे कळते याला शास्त्रीय आधार नाही आणि माझाही तसा दावा नाही. पण अडलेल्या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहायला पाने भाग पाडतात, एवढ्यासाठी मी ती वापरतो.

‘स्वतःची पद्धत काढली तर परंपरा मोडेल’ ही भीती अनेकांना वाटते, म्हणून थोडा इतिहास. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता. आज ज्यांना मेजर आर्काना म्हणतात त्या 22 पानांपैकी 21 पाने म्हणजे त्या डावातला कायमचा हुकूम, आणि उरलेले ‘मूर्ख’ हे पान वेगळ्या नियमाने चालणारे. मेंढीकोट खेळणाऱ्याला हे लगेच उमगेल. या पानांत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडले आहे, ही कल्पना कूर द जेबेलँ या फ्रेंच लेखकाने 1781 मध्ये मांडली. तिला पुरावा नव्हता, पण ती पसरली. आज सर्वत्र दिसणारा रायडर-वेट कॅट तर 1909 मधला, लंडनचा: योजना आर्थर वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. तेव्हा मोडायला सनातन अशी परंपराच फारशी नाही.

पहिली वाट पाठांतराची. टॅरोची 78 पाने, सुलट आणि उलट असे दोन अर्थ धरले तर 156 नोंदी. पाढे घोकून मोठे झालेल्यांना हे अवघड वाटत नाही, आणि या वाटेचा खरा फायदा असा की वाचणारा अडखळत नाही. पान पडले की काहीतरी बोलता येते. दोष मला उशिरा कळला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसणाऱ्या आतेभावासाठी मी पाने मांडली, वाँड्स म्हणजे दांडक्यांच्या गटाची छक्की आली आणि पुस्तिकेतला ‘विजय, सत्कार’ हा अर्थ मी जसाच्या तसा सांगून टाकला. त्या वर्षीही त्याला प्रवेश मिळाला नाही. पान खोटे ठरले याचे मला तितके वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की ‘लोकांच्या मिरवणुकीसाठी शिकतोयस की स्वतःसाठी’ हा प्रश्न त्या पानावरच्या घोडेस्वाराकडे पाहून सहज विचारता आला असता आणि मी विचारला नाही, कारण माझे डोळे पानावर नव्हतेच, पुस्तिकेवर होते.

दुसरी वाट हिशेबाची. टॅरोतील 56 साधी पाने चार गटांत, प्रत्येकी 14 अशी असतात: कप्स (पेले) म्हणजे मन आणि नाती, स्वोर्ड्स (तलवारी) म्हणजे विचार आणि वाद, वाँड्स (दांडके) म्हणजे उमेद आणि हालचाल, पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे पैसा, शरीर, जमीन. एक्का सुरुवातीचा, दुरी जोडीची किंवा निवडीची, चौकी स्थैर्याची, पंजी बिघाडाची, दश्शी पुरे झाल्याची, असे दहा अंकांचे दहा अर्थ ठरवले की चार गट आणि दहा अंक मिळून केवळ चौदा गोष्टींच्या बळावर चाळीस पाने बोलू लागतात. मोजून-मापून विचार करणाऱ्याला ही वाट मानवते. मार्सेय प्रकारच्या जुन्या कॅटमध्ये तर अंकी पानांवर प्रसंगचित्रे नसतातच, नुसते पेले आणि तलवारी मोजायच्या असतात. तिथे हिशेबावाचून फारसे काही हाती लागत नाही. मात्र राजा-राणीची पाने आणि ती 22 पाने या हिशेबात नीट बसत नाहीत. शिवाय त्या 22 पानांपैकी ‘न्याय’ हे पान मार्सेयमध्ये आठवे आणि ‘बळ’ अकरावे असते, तर रायडर-वेटमध्ये नेमके उलट. म्हणून अंकांवर भिस्त ठेवणाऱ्याने एका कॅटचे कोष्टक दुसऱ्याला लावू नये.

तिसरी वाट चित्राची, आणि माझा कल तिच्याकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पामेला स्मिथ यांनी अंकी पानांवरही माणसे आणि प्रसंग रंगवले, त्यामुळे हा कॅट चित्रवाचनाला सर्वांत सोयीचा ठरतो. अडचण एवढीच की प्रसंग विलायती आहेत. पेंटॅकल्सच्या पंजीत दोन दरिद्री माणसे बर्फातून चालतात, वर रंगीत काचेची खिडकी उजळलेली असते. मराठवाड्यातल्या माणसाला बर्फ सोसवत नाही की आठवत नाही. पण इतर पाने पाहा. वाँड्सच्या दश्शीत दहा दांडक्यांचा भारा कवटाळून वाकलेला माणूस गावाकडे निघालेला दिसतो, आणि उसाची मोळी वाहणारा माणूस ज्याने पाहिला आहे त्याला ‘अतिभार’ हा शब्द पाठ करावा लागत नाही. स्वोर्ड्सच्या छक्कीत नावाडी एका गुंडाळून बसलेल्या बाईला आणि लेकराला पैलतीरी नेतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागणारी कुटुंबे मला त्यात दिसतात, आणि मग ‘संकटातून सुटका’ हा पुस्तकी अर्थ अपुरा वाटू लागतो, कारण नावेत तलवारीही सोबत चाललेल्या असतात. पेंटॅकल्सच्या छक्कीतला हातात तराजू धरून गुडघे टेकलेल्यांना नाणी देणारा श्रीमंत पुस्तकांत दानशूर म्हणून येतो. उचल देणारा मुकादम ज्यांनी जवळून पाहिला आहे, ते आधी तराजू कोणाच्या हातात आहे ते पाहतील. कप्सच्या तिरीत मात्र काहीच बदलावे लागत नाही: तीन बायका, उंचावलेले पेले, पायाशी आलेले पीक. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात आंबील पिणाऱ्यांना त्याचे भाषांतर नको.

या वाटेचा धोका उघड आहे. चित्रात माणूस स्वतःचेच पाहतो. मला मुकादम दिसला म्हणून समोरच्यालाही तोच दिसेल असे नाही. म्हणून अर्थ सांगण्याआधी ‘तुम्हाला इथे काय दिसते’ हे विचारावे आणि अंकाचा हिशेब चित्राला कुंपणासारखा ठेवावा. पाच हा बिघाडाचा अंक असताना चित्र गोड वाटले, तर आपण काहीतरी टाळत आहोत असे समजावे.

टॅरोऐवजी लेनोरमाँ घ्यावे का, असेही विचारले जाते. त्यात 36 पाने असतात: घर, झाड, साप, उंदीर, पत्र, जहाज अशी एकेक वस्तू. पॅरिसच्या ज्या प्रसिद्ध भविष्यवादिनीचे नाव त्याला आहे ती 1843 मध्ये वारली आणि नाव नंतर चिकटले; पाने मुळात 1799 च्या सुमाराच्या एका जर्मन खेळातली. येथे एकटे पान फारसे बोलत नाही, जोडी बोलते: पत्र आणि उंदीर म्हणजे कागदपत्रांत गळती. शब्दांची जुळवाजुळव आवडणाऱ्याला, थोडक्यात ठाम उत्तर हवे असणाऱ्याला हे टॅरोपेक्षा लवकर जमते. भाषेची गंमतही आहे. पस्तिसावे पान नांगराचे, म्हणजे जहाजाचा नांगर, पण समुद्रापासून इतक्या दूर नांगर म्हटले की आधी शेतातलाच डोळ्यांपुढे येतो. तो अर्थ घ्यावा का? मी घेतो, कारण टिकून राहणे आणि नेटाने काम करणे हा त्या पानाचा रूढ अर्थ दोन्ही नांगरांना पेलतो. दहाव्या पानावरच्या विळ्याचा ‘अचानक तुटणे’ हा अर्थ मात्र मी सुगीकडे वळवून गोड करत नाही.

घरातला 52 पानांचा कॅट सर्वांत स्वस्त, आणि हिशेबाच्या वाटेला पुरेसा. बदाम म्हणजे कप्स, इस्पिक म्हणजे स्वोर्ड्स, यावर बहुतेकांचे एकमत आहे. चौकट आणि किलवर यांत मतभेद आहेत, तेव्हा एकदा ठरवून पुन्हा बदलू नये. वडीलधाऱ्यांना पत्ते म्हणजे जुगार वाटतो, ही अडचण अर्थाची नसून घराची आहे.

उलटी पाने पहिल्या वर्षी सोडून द्यावीत. मांडणीही तीन पानांचीच ठेवावी. दहा पानांचा केल्टिक क्रॉस नवख्याला इतके बोलायला लावतो की मूळ प्रश्न हरवतो.

पैसे घेऊन दुसऱ्यासाठी वाचायचे ठरवणाऱ्याने आपल्याकडचा पिंगळा आठवावा. तो पहाटे दारात येऊन बोलतो आणि पुढे जातो. पत्ते वाचणाऱ्याकडे माणूस पुन्हा पुन्हा येतो, आणि मग आजार, कर्ज, मुलीचे स्थळ असे निर्णय पानांवर टाकू लागतो. आजारासाठी डॉक्टर आणि कर्जासाठी हिशेबाची वही, हे आपल्या तोंडून स्पष्ट निघत नसेल तर ती बैठक घालू नये.

वही मात्र वाचणाऱ्यालाही लागते. तारीख, प्रश्न, पाने आणि अर्थपुस्तिका उघडण्याआधी सुचलेले पहिले वाक्य, एवढेच लिहावे आणि तीन महिन्यांनी त्याच प्रश्नाखाली काय झाले ते टिपावे. माझ्या वहीत पेंटॅकल्सची सत्ती, म्हणजे कुदळीवर रेलून पिकाकडे पाहणारा शेतकरी, सहा वेळा आली आहे. पुस्तिकेत तिच्यापुढे ‘संयम’ लिहिलेले आहे. माझ्या अक्षरात सहाही वेळा ‘पावसाकडे पाहतोय’ असे आहे, आणि आता ते पान माझ्यासाठी त्याच नावाने ओळखले जाते.